कोपराखाली काही नको

मागच्या महिन्यात माझं रक्त घ्यायला लॅबमधून एक मुलगी घरी आली. हसरी होती, बोलायलाही गोड, पण मनगटात ही भली मोठी बांगड्यांची चळत, दुसऱ्या हातात घड्याळ, बोटांत अंगठ्या. मी हात मागे घेतला. म्हटलं, "आधी ते सगळं काढून ठेव." ती म्हणाली, "आंटी, ग्लव्हज है ना." म्हटलं, "ग्लव्हज राहू देत तुझ्याजवळ. कोपराखाली काही नको." म्हातारी सटकलेली दिसते असं तिच्या चेहऱ्यावर सरळ आलं, पण तिने मुकाट्याने सगळं काढलं आणि एका टोचणीत शीर पकडली. जाताना मी तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली, तेव्हा कुठे ती परत हसली.

पूनम सागर कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगीत मला सगळे सिस्टर आजी म्हणतात आणि जरा बिचकूनच असतात. बिचकू देत, माझं काही बिघडत नाही. पण ते वाक्य माझं नव्हे, मला शिकवलेलं आहे. ते शिकले तेव्हा माझ्या हातात काढून ठेवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

माझं सासर भाईंदरचं, मोरव्यातलं. घरची भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता. नवरा मिठागरावरच असायचा. एकदा होडीच्या जुन्या फळीतला खिळा त्याच्या पायात घुसला. त्याने ओढून काढला, वर चुलीतली राख दाबली आणि कामाला गेला, कारण असे खिळे तिथे सगळ्यांनाच लागायचे. थोड्या दिवसांनी भाकरी चावता येईना. मग दातखीळ बसली आणि अंग कमानीसारखं ताठ व्हायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला अजून विशी लागायची होती.

त्या दिवशी मी हात देईना. दोन्ही हात काखेत घालून भिंतीला टेकून बसले. तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरून ओढलं आणि आळीतल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईने दगडाने बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात गेली, तिचा वण अजून आहे. सासूबाई तेव्हा रडत होत्या, पण मनगट त्यांनी सोडलं नाही. मला त्यांचा फार राग आला होता आणि तो पुष्कळ दिवस गेला नाही.

आमच्यात विधवेचा पाट लावून द्यायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायची, चाल होती. एक-दोन स्थळं आली, मीच नाही म्हटलं. घरात काम भरपूर होतं, मी करत होते. पुढच्या वर्षी धाकट्या जावेला मुलगा झाला. त्या दिवसांत मी बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकायचंही नाही असा दंडक होता, आणि मी तो पाळला. सुईणीने नेहमीप्रमाणे आढ्यात खोचलेला विळा काढून नाळ कापली, वर राख लावली. बाळ चांगलं दूध प्यायचं. पाचवी झाली, सटवाईची पूजा झाली आणि त्यानंतर त्याने दूध ओढायचं थांबवलं. ओठ आवळले, मुठी आवळल्या. सटवीने नेलं, असं सगळे म्हणाले. आळीतल्या काही बाया त्याच्याही पुढे गेल्या. घरात रांडव बाई आहे, तिची सावली पडली, असं त्या विहिरीवर बोलल्या. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या स्वतः तसं काही बोलल्या नाहीत, पण बोलणाऱ्यांची तोंडंही त्यांनी धरली नाहीत.

माझ्या सासऱ्यांचं बोलणं म्हणजे महिन्याला चार वाक्यं. ते एका सकाळी म्हणाले, "सातवी पास हायस ना गो तू?" मी हो म्हटलं. शाळेच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, की सरकार गावोगावच्या सातवी पास मुलींना नर्सचं शिक्षण देतंय, दोन वर्षं राहायची-जेवायची सोय आहे आणि नंतर नोकरी. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. लोकांची घाण काढायची, परक्या बाप्यांची अंगं पुसायची, हे सुनेने करायचं? सासरे जेवता जेवता म्हणाले, "घरी बसून त्या बायांचं ऐकन्यापरास बरं." विषय तिथे संपला. ते स्वतः माझी पत्र्याची ट्रंक उचलून मला पोचवायला आले.

ठाण्याच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्याला जोडून आमचं होस्टेल होतं. शिकवणाऱ्या सिस्टर नगरकडच्या ख्रिस्ती बाई, उंच, सडसडीत आणि कडक. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. मधे साबणाच्या पाण्याचं पितळी पातेलं ठेवलं आणि म्हणाल्या, "वॉर्डात कोपराखाली काही नको. बांगडी नको, अंगठी नको, दोरा नको. बांगडीखाली घाण बसते, ती पेशंटच्या जखमेत जाते. उतरवा."

जी रडारड सुरू झाली, काय सांगू. बहुतेक मुली खेड्यातल्या. बांगड्या बदलतानाही एक हातात ठेवायची, हात मोकळा होऊ द्यायचा नाही, असं लहानपणापासून ऐकलेल्या. रत्नागिरीकडची एक लग्न झालेली होती. तिचा नवरा गिरणीत कामाला होता. ती पातेल्यापाशी बसली आणि म्हणाली, "सिस्टर, हात मोकळे केले आणि त्याला काही झालं तर?" सिस्टर म्हणाल्या, "त्याला काही होणार नाही. पेशंटला होईल." मग त्यांनी स्वतः खाली बसून तिचा हात साबणात घेतला आणि एकेक बांगडी सावकाश उतरवली. एकही फुटू दिली नाही. उतरलेल्या सगळ्या रुमालात बांधून तिच्या हातात दिल्या.

माझी पाळी आली. सिस्टरनी माझ्या हातांकडे बघितलं, नखं बघितली आणि म्हणाल्या, "शाब्बास. ही बघा, तयारीने आलीये." सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.  खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या दिवसापासून आम्ही सगळ्या सारख्या दिसायला लागलो, पांढरी साडी आणि मोकळे हात. कोण कुमारिका, कोण सवाष्ण आणि कोण माझ्यासारखी, हे बघणाऱ्याला कळत नव्हतं. मी दोन वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

एकदा उत्तनची एक कोळीण बायांच्या वॉर्डात आली. मासळी वाळत घालायच्या बांबूवरून पडून तिचा पाय मोडला होता. आम्ही दहा-बारा जणी सकाळी चादरी बदलत होतो. सिस्टरना चादरीचा कोपरा काटकोनात दुमडलेला लागायचा, नाहीतर सगळी खाट परत. ती बाई उशीला टेकून आमच्याकडे टक लावून बघत बसली. तिचे डोळे भरून आले. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाली, "काय गो पोरी, तुमचे सगल्यांचे दादले येकाच होरीत व्हते का?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. एवढ्या तरण्या पोरी, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, एकीच्याही हातात काकण नाही. तिच्या गावात हे एकाच कारणाने व्हायचं, एखादी होडी माणसांसकट बुडाली की. बिचारी सकाळपासून आमच्यासाठी हळहळत होती. मी बाकीच्यांना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून खाटांवर बसल्या. रत्नागिरीची तर म्हणाली, "मावशी, माझा गिरणीत आहे, त्याला पोहताच येत नाही, तो होडीत कशाला बसेल?" मीसुद्धा हसले, अगदी पोट धरून हसले. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच.

दुसऱ्या वर्षी बाळंतपण शिकवायला लागले. वर्गात एक कापडाची बाहुली होती, तिच्या बेंबीला नाडीचा तुकडा शिवलेला. त्याला दोन ठिकाणी गाठ मारायची आणि मधे कापायचं. दोरा उकळलेला हवा, पातं उकळलेलं हवं, हात कोपरापर्यंत घासलेले हवेत आणि वर राख, शेण, हळद, काही काही लावायचं नाही. कुणीतरी विचारलं, का नाही? तेव्हा सिस्टरनी धनुर्वात सांगितला. गंजक्या खिळ्यातून, मातीतून, राखेतून शरीरात जातो. मोठ्या माणसाला जखमेतून होतो, बाळाला नाळेतून. आधी तोंड उघडत नाही, मग अंग ताठ होतं. बाळ पाच-सात दिवस चांगलं असतं आणि मग दूध ओढायचं थांबतं.

माझ्या हातातली बाहुली खाली पडली. माझा नवरा आणि जावेचं बाळ, दोघांना एकाच गोष्टीने नेलं होतं. सटवी नव्हती आणि माझी सावलीही नव्हती. मी वर्गातून उठून नळावर गेले आणि तिथे बसून रडले. दुःख होतंच, पण त्याहून जास्त संताप होता. विहिरीवर बोललेली एकेक बाई मला आठवत होती. सिस्टर बाहुली घेऊन मागून आल्या. म्हणाल्या, "चल, गाठ अजून सैल बसतेय तुझी."

पास झाले आणि नोकरी लागली ती आमच्याच भागात. खांद्याला पिशवी लावून मोरवा, राई, मुर्धा, पुढे उत्तनपर्यंत चालत फिरायचं. औषधाच्या गोळ्या लोक घ्यायचे, पोरांची खरूज दाखवायचे, पण पोटुशी सून असली की मी अंगणात आल्यावर तिला मागच्या दाराने पाठवून द्यायचे. मी शिकून आले म्हणून काय झालं, हात तेच होते ना. एका घरात तर म्हातारीने तोंडावर सांगितलं, "बाय, तू चांगली हायस, पन पयल्या घडीला तुजा हात नको." मी तिला चार शब्द सुनावून आले. त्याने काय होणार होतं, काही नाही.

आणि अशात माझ्या जावेला परत दिवस गेले.

ती पहिल्या बाळानंतर अर्धी झाली होती. रात्रंदिवस तिला एकच भीती, हेही पाचवीनंतर जाईल. मी तिला बसवून सगळं सांगितलं. विळा, राख, धनुर्वात, माझ्या नवऱ्याचा पाय, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताय, मंग तूच कर. मना दुसऱ्या कुनाचा हात नको."

सासूबाई म्हणाल्या, ते होणार नाही. सुईण येईल. पहिला हात सवाष्णीचाच पाहिजे. हे रोज चाललं. मी समजावून बघितलं, सुईणीला निदान पातं उकळू द्या म्हटलं, पण त्या बधेनात. एकदा तांदूळ निवडताना त्यांनी परत तेच म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आये, मागच्या खेपेला सवाशिनीचाच हात व्हता ना?"

 त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी हे बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही. ते कुणीतरी बोलायला हवं होतं आणि घरात दुसरं कुणी बोललं नसतं. मग किती दिवस आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

जावेला कळा सुरू झाल्या त्या एका सकाळी, मी ड्यूटीवर निघायच्या बेतात असताना. दीर सुईणीला बोलवायला निघाला. मी ओट्यावर पिशवी धरून उभी होते, आत जायला मला परवानगी नव्हती आणि पाय बाहेर निघत नव्हता. आतून जाऊ मला हाका मारत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दिराला म्हणाल्या, "ऱ्हव दे, जाऊ नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चुलीवर पानी ठेवलंय. किती उकलू दिऊ ता सांग."

दुपारी बाळ झालं, मुलगी. मी हात कोपरापर्यंत घासले होते, पातं आणि दोरा उकळून घेतला होता. दोन गाठी मारल्या, मधे कापलं. वर काही लावलं नाही. त्या अंधाऱ्या खोलीत सासूबाई शेजारी दिवा धरून बसल्या होत्या, त्यांची नजर माझ्या हातांवरून हलली नाही. राख आणायला म्हणून त्या सवयीने चुलीकडे जायला उठल्या आणि आपणच परत खाली बसल्या.

आता खरी भीती पुढे होती. आमच्याकडे पाचवीला नाळ कापणारीचा मान असतो. तिला पाटावर बसवून हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, हातात हिरव्या बांगड्या भरायच्या. तो मान चुकला तर बाळाला बाधतं असं मानतात. आणि विधवेला कुंकू लावायचं नाही, बांगडी भरायची नाही, हेही तितकंच खरं मानतात. हा पेच कुणी सोडवायचा? पाचवीला मी आपण होऊन मागच्या अंगणात जाऊन बसले. सासूबाईंनी पाट मांडला होता, असं जावेने नंतर सांगितलं. त्यावर त्यांनी कुणालाच बसवलं नाही. पूजा झाली, बाया जेवून गेल्या आणि पाट तसाच रिकामा राहिला.

नंतरच्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी ड्यूटीवरून आले की पिशवी ठेवायच्या आधी बाळाच्या ओठाला बोट लावून बघायची. ती बोट ओढायची. सासूबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "वरते?" मी म्हणायची, "ओढतेय." त्या आत निघून जायच्या. पहिलं बाळ ज्या दिवशी गेलं होतं तो दिवस आला तेव्हा सासूबाई सकाळपासून जेवल्या नाहीत. संध्याकाळी मुलगी भुकेने जोरात किंचाळली, सगळं तोंड उघडून. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात धरला.

बारशाला बांगडीवाला घरी आला. आळीतल्या सगळ्या बाया जमल्या. मी नेहमीसारखी मागे निघाले तर सासूबाईंनी हाक मारली. पाट मांडलेला होता, पाचवीचाच. म्हणाल्या, "बस." एक म्हातारी पुटपुटली, असं करत न्हाईत. सासूबाई तिच्याकडे वळल्या. "नाल कापली तिचा मान ऱ्हायलाय. पोरीला बाधल ता तू निस्तरशील? कपालाचं मी काय करत न्हाय. नाल हातांनी कापली, हातांना देते." त्यांनी माझ्या दोन्ही तळहातांवर हळदकुंकू लावलं आणि बांगडीवाल्याला म्हणाल्या, "हिरव्या भर." तो माझ्या कपाळाकडे बघून थांबला. "भर बोलले ना," त्या म्हणाल्या, आणि त्याने भरल्या.  आता सकाळी मला आठवणीने प्रेशरची गोळी देते ना, ती ही पाळण्यातली मुलगी.

त्या रात्री बांगड्या वाजायच्या म्हणून मला धड झोप लागली नाही. सकाळी ड्यूटीसाठी उठले आणि मोरीपाशी साबण हातात घेऊन उभी राहिले. उत्तनला एक बाई दिवसांत होती आणि पहिल्यांदाच तिच्या घरच्यांनी मला बोलावणं धाडलं होतं. हात घासायचे तर बांगड्या उतरवायला हव्यात. पण काल सगळ्या आळीदेखत भरलेल्या बांगड्या आज मी माझ्या हाताने उतरवायच्या? सासूबाईंना काय वाटेल? त्या आळीच्या विरोधात जाऊन बसल्या होत्या आणि मी सकाळ उजाडताच हात मोकळे करून निघायचं?

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी साबणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोपरापर्यंत हात घासताना त्यांनी मला पाहिलं होतंच. मला घेऊन त्या खाली बसल्या आणि माझं मनगट धरलं. तेच मनगट, आणि पकडही तीच. माझे डोळे आपोआप मिटले.

त्यांनी हाताला साबण लावला, अंगठा आत दाबला आणि एक बांगडी सावकाश सरकवली. मग दुसरी. घाई केली नाही. सगळ्या उतरल्यावर पदराने पुसल्या, दिव्याशेजारच्या खुंटीला अडकवल्या आणि म्हणाल्या, "सांजला आलीस का भरीन परत."

मी मोरीत बघितलं. साबणाच्या पाण्यात काचेचा एकही तुकडा नव्हता. मी पिशवी खांद्याला लावली आणि उत्तनच्या रस्त्याला लागले.